खुर्चीतलं विमान

आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी विमान चालवायला शिकत होती. तिचं गाव लासूर स्टेशन. संध्याकाळी ती गच्चीत प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसायची आणि हातात काही नसताना विमान उडवायची. विमान शिकणारे असाच सराव करतात म्हणे. मला आधी वाटलं, पोरीचं डोकं फिरलंय. मग मीच त्या खेळात शिरले. ती जेवायला बसली की मी मध्येच ओरडायचे, "इंजिन बंद!" हातातला घास ताटात ठेवून ती सुरू व्हायची. नाक खाली, वेग सांभाळायचा, मोकळं शेत शोधायचं, रेडिओवर कळवायचं. चितेगावच्या अलीकडं एखादं शेत मिळायचंच. दर वेळी ती सुखरूप उतरायची आणि मी गरम पोळी वाढायचे.

एका सकाळी तिचं सरावाचं विमान पडलं. आत ती एकटीच होती. फोन आल्यावरही मी तिच्या वाटणीची कणीक मळत राहिले, हात थांबेचनात. शेजारीण "नशीब" म्हणाली, तर तिच्यावर खेकसले.

चार दिवसांनी तिचे वडील सामान न्यायला आले. ही खुर्ची इथं कशाला, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, माझ्या ओरडण्यासकट. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हंजे तिला येत व्हतं?"

"हो दादा. तोंडपाठ होतं."

"मग?"