अंडरग्राउंड बँडची सुपारी

आमचा बँड फुटला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो.

हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती धडाधड उठत होत्या तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघं तिथल्या एकाच ऑफिसात आणि जवळच्या घोटावडे गावात एकाच भाड्याच्या खोलीत. नागपूरचा गायचा, म्हणजे ओरडायचा, आणि गिटार वाजवायचा. नाशिकचा ड्रम बडवायचा. मी साताऱ्याकडचा, बेस गिटारवर. तिच्या चार तारांपैकी मला दोनच जमायच्या, उरलेल्या दोन शोभेला.

घरमालक तात्यांनी सरावाला रिकामी पोल्ट्रीची शेड दिली. अंड्यांचे ट्रे तिथे ढिगानं पडलेले. ते आम्ही भिंतींना ठोकले, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. तात्या एकदा डोकावले.

"कसला बँड म्हनायचा ह्यो?"

"अंडरग्राउंड," नागपूरकर छाती फुगवून म्हणाला.

"म्हंजी जमिनीखाली वाजवनार?"

"नाही हो तात्या. म्हणजे आम्हाला कोणी ओळखत नाही."

"मंग आमी बी अंडरग्राउंडच की," म्हणून तात्या गोठ्याकडे गेले.

हळूहळू ऑफिसातली मंडळी शनिवारी ऐकायला यायला लागली. त्यांना सोडायला आलेले कॅबवालेही थांबायचे. ट्रेला टेकून तीस-चाळीस माणसं माना हलवायची, वर कोंबड्यांचा वास फुकट. मग पुण्याहून बोलावणं आलं. आमच्यासारख्याच बँडांचा कार्यक्रम, येत्या रविवारी संध्याकाळी, अर्धा तास आमचा. नागपूरकर दोन वर्षं याच दिवसासाठी जगत होता. त्यानं आईला फोन केला, नवे बूट आणले आणि ते घालून खोलीभर फिरला.

मी मात्र बेसच्या तारा मोजत बसलो. शेडमध्ये दोन तारांवर भागत होतं. तिथे समोर चार तारांवाले बसणार.

बुधवारी तात्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरून एक खांड माझ्या तळहातावर ठेवलं. मी तोंडात टाकलं.

"ठरलं मंग," तात्या म्हणाले. "रविवारी लेकीची हळद. बेंजोवाला ऐनवेळी पळाला. आता तुमी हाय."

खोलीवर येऊन मी सांगितलं की मला ती जेवणानंतरची सुपारी वाटली. नाशिककर हसून हसून गादीवर लोळला. नागपूरकर नाही हसला.

"नाही म्हणून सांग ना बे."

"खाल्लेली सुपारी परत कशी देणार? आणि लेकीची हळद आहे, शेडही त्यांचीच."

रविवारी तो गिटार घेऊन एकटाच पुण्याला गेला. आम्ही दोघं मांडवात. नाशिककरानं ड्रमवर हलगीचा ठेका धरला आणि बायाबापड्या हळदीच्या हातांनी जी नाचायला लागल्या, की थांबेचनात. तात्यांनीही दोन उड्या मारल्या. माझ्या दोन तारा तिथे लई झाल्या. शेजारच्या रिहे गावची एक हळद तर मांडवातच ठरली. पुढे नाशिककर बेंजोवाल्यांतच रमला आणि मस्त रमला.

पुण्यात नागपूरकराला एकट्याला स्टेजवर चढू दिलं नाही. बँड कुठाय, म्हणाले. सोमवारी त्यानं बॅग भरली. महिन्याभरात बंगळूरला बदली घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी चूक नाही बे. तू भोळा आहेस."

मला रडू फुटायचं बाकी होतं.

साताऱ्याकडे वाढलेल्या माणसाला सुपारी कळत नाही, यावर त्या बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. तात्यांनी रविवारच्या हळदीचं मला आधी विचारलं होतं. मी हो म्हणालो, मग त्यांनी सुपारी दिली.