मंडळातली निवडणूक

आमच्या घरी तेलुगू बोलायचे. वडील मागावर कापड विणायचे. मराठी मी शाळेत शिकले. कॉलेजच्या वादविवाद मंडळात नव्या वक्त्यांना तयार करणाऱ्या चिटणिसाच्या जागेसाठी मी उभी राहिले, तेव्हा अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचे उच्चार ऐकून नवी मुलं बिघडतील."

मी उठून म्हणाले, "तुला मराठी आयती मिळाली. मी ती शिकले, म्हणून माणूस कुठं अडखळतो ते मला ठाऊक आहे."

निवडणुकीत मी पडले, तेही दणकून. पण दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात मी सराव सुरू केला. नव्या मुलींपैकी तिघी आल्या. अध्यक्षानं दारातूनच विचारलं, "कुणाच्या परवानगीनं?"

"बसायचं असेल तर मागचा बाक रिकामा आहे," मी म्हटलं.

तो निघून गेला. दोघींचं बोलून झालं होतं, मी तिसरीला भाषणाला उभं केलं.