मोजणीच्या दगडाला हळदकुंकू

पिंपरीच्या शिवारात मी मोजणी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही. एका माणसाच्या मळ्यात मी दगड रोवला. ती जमीन एका कारखान्यासाठी जाणार, हे मला ठाऊक होतं. "ह्यो कशापायी, सायेब?" त्याने विचारलं. कुणाला सांगायचं नाही असा वरचा हुकूम होता, आणि मी भित्रा. म्हणालो, "नुसती मोजणी आहे."

"मंग लई झालं," तो म्हणाला. प्रत्येक गोष्टीला त्याचं हेच. गाय शेरभर दूध देई, लई झालं. निम्मी वांगी किडकी निघाली, तर उरलेली लई झाली. मन मारून नाही, खरंच तसं वाटून म्हणे. भाकरी कपाळाला लावल्याशिवाय तो घास मोडत नसे. त्याची दोन वर्षांची पोर त्याचं बघून भाकरी नाकाला लावायची.

पुढच्या खेपेला गेलो, तर दगडाला हळदकुंकू लागलेलं आणि पोर त्याच्यापुढे हात जोडून उभी. पलीकडे नवरा-बायको तिच्यासाठी नवी खोली बांधत होते. मातीच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. त्यांनी दिलेलं दूध मी प्यायलो आणि निघालो.

नोटीस आली तेव्हा खोलीवर कौलं चढून आठवडाही झाला नव्हता. तो पोरीला खांद्यावर घेऊन कचेरीत आला. मला वाटलं, आता जाब विचारणार. त्याने पिशवीतली वांगी माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमालाबी वाईट वाटलं आसंल," तो म्हणाला. "आधी कळलं आसतं तर तुमी सांगितलं आसतं."

मला आधीच कळलं होतं, हे त्याला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.