उसना दिलेला गोलकीपर

गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, शाळेच्या मैदानावर आमच्या गावाने पाव्हण्यांना गद्दार ठरवलं. नाव विश्वनाथ, वय चव्वेचाळीस, काम हमाली, जागा गोलमध्ये. ठरवणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील.

पाव्हणे हे नाव पडलं, कारण पंचवीस वर्षं ते दुसऱ्यांच्याच टीममधून खेळले. एखाद्या वर्षी जिंतूरला कापसाच्या जिनिंगवर हमाली, तर जिनिंगच्या टीमचा गोल त्यांचा. पुढच्या वर्षी गंगाखेडकडे कारखान्यावर, तर कारखान्याच्या टीमचा. परभणीच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, पोती उचलली तेव्हा मोंढ्याचा. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. बघणारे हसायचे, पहिला फटका अडेपर्यंत. क्विंटलचं पोतं छातीशी घ्यायची सवय असलेल्या त्या हातांतून चेंडू निसटलेला मी कधी पाहिला नाही. वरच्या कोपऱ्यात जाणारा चेंडू हा माणूस कसा गाठतो, हे मी गोलच्या मागे बसून कितीदा बघितलं. अजून कळलेलं नाही.

तासाभरासाठी उसने गेले तरी आधी त्या टीमच्या, आपल्या पुढ्यात खेळणाऱ्या चारही बॅकची नावं विचारून घ्यायचे. मी एकदा म्हणालो, "उद्या ही माणसं कुठं भेटणारेत तुम्हाला?" तर म्हणाले, "नाव ठाव न्हाई त्या मानसाला वरडून काय सांगू? ए निळ्या चड्डीवाल्या म्हनू का?" आणि गोल झालाच, तर स्वतः चेंडू काढायचे, बाहीला पुसायचे आणि मारणाऱ्याच्या हातात द्यायचे. "चांगला मारलास बाबा. आता पुन्हा न्हाई."

दुसरी सवय शर्टाची. ज्या टीमचा शर्ट घातला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊन, वाळवून, स्वतः नेऊन द्यायचे. मग ते गाव किती का लांब असेना. "दुसऱ्याचा शर्ट घरात ठिवला की झोप लागत न्हाई," म्हणायचे.

आमच्या गावाला टीमच नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती पाव्हण्यांनी उभी केली. बांबूचे गोल त्यांनी रोवले, पेनल्टी कशी मारायची ते मला त्यांनी शिकवलं. टीमचा गोल मात्र स्वतः घेतला नाही, तरण्या पोराला दिला. "पोरगं शिकंल कधी?" त्यांचं मागणं एकच होतं: "एकदा गावाच्या शर्टात हुबं राहायचं हाय गणा. मंग हात गेले तरी चालतील." आमचे कप्तान बालाजीअण्णा यांनी शब्द दिला होता, यंदाच्या फायनलची शेवटची दहा मिनिटं तुमची.

फायनलला समोर गंगाखेडकडची टीम. अर्ध्या वेळेआधीच त्यांच्या गोलकीपरचं बोट मोडलं. आमच्याकडे रीत अशी की पाहुण्या टीमचा माणूस पडला आणि त्यांच्याकडे दुसरा नसला, तर यजमान गावाने आपला राखीव माणूस उसना द्यायचा. आमचा राखीव म्हणजे पाव्हणे. अण्णांनी त्यांना बाजूला घेतलं. "जावा पाव्हणे. पण गाव आपलंच हाय, जरा समजून घ्या."

पाव्हणे आमच्या बाकावरच्या शर्टाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, मला पाठवायलाव तर गोलकीपर म्हनून पाठवा." आणि पलीकडे जाऊन त्यांच्या बॅकची नावं विचारू लागले.

पुढची चाळीस मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. आम्ही नऊ वेळा मारलं, नऊ वेळा तो बुटका माणूस मध्ये. लोक आधी हसत होते. "पाव्हणे, जराशी डुलकी घ्या की!" मग हसू थांबलं. "आपलाच मानूस आपल्याला आडवायलाय की रं!" एक गोल आमच्यावर झालेला. शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. मारायला मी.

ते रेषेवर उभे, म्हणाले, "गणा, घाई करायलायस. सावकाश मार." मी सगळा जीव काढून मारला. खाली, डाव्या खांबाला घासून जाणारा. ते आडवे झाले आणि चेंडू छातीशी घेऊनच उठले. त्या क्षणी राग आला नाही, खरं सांगतो. अंगावर काटा आला.

राग पाच मिनिटांनी आला, हरल्यावर. 'विकला गेला' हा शब्द मैदानावर पहिल्यांदा मी उच्चारला. मग सगळ्यांनी उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातात पिशवी घेऊन गंगाखेडच्या एसटीत बसले, आणि गावाला पुरावा मिळाला: गेला बक्षीस घ्यायला! मला शर्टाची सवय माहीत होती. माझ्या शब्दावर पांघरूण पडावं म्हणून मी गप्प बसलो. मंगळवारी अण्णांनी त्यांना सांगितलं, मैदानात पाय ठेवायचा नाही, पोरांना शिकवायचं नाही. त्यांनी मान डोलावली आणि घरी गेले.

महिन्याने मी ऊसवाल्यांच्या सभेची पत्रकं घेऊन गंगाखेडला गेलो, तेव्हा त्यांच्या कप्तानाला गाठलं. तो म्हणाला, "इस्त्री करून आनला होता वो शर्ट. बक्षीस? पैसे काढले तर हात जोडले मानसानं. चहासुद्दा हुब्यानं घेतला. मोडक्या बोटाची चौकशी केली अन् गेले."

पाव्हणे पुढच्या सोमवारी बिऱ्हाड परभणीला हलवायलेत. मी घरी जाऊन पाया पडलो. ते म्हणाले, "तू कशाला पडतूस? तुझी पेनल्टी चांगली होती." ज्या माणसाने गावासाठी टीम जन्माला घातली, तो गावाचा शर्ट अंगाला न लावता निघालाय, आणि आपण शेंगा खात बघायलोत!

हे वाचणारे निम्मे लोक त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी तो खेळ डोळ्यांनी बघितलाय. रविवारी सकाळी आठ वाजता त्याच मैदानावर बैठक आहे, अण्णांना बोलावलंय. मी खोटं बोललो, हे मी सगळ्यांआधी उठून सांगणार. माझ्यानंतर तुम्ही उठा. मनातल्या मनात हळहळू नका, तोंड उघडा, आणि पाव्हण्यांची सगळ्यांदेखत माफी मागा.