चार घरांतला समुद्र

आमच्या चौघांच्या घरी समुद्र आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग खुर्ची ओढून बसतो. तो बसला की एक किस्सा निघतो, आणि त्याला उत्तर म्हणून दुसरा. असे साठत गेलेत.

चौघं म्हणजे कोण ते सांगते. माझं शहाद्यात चष्म्याचं दुकान आहे. भटूभाऊ गावातच मोटार रिवाइंडिंग करतात. विनीता मॅडम लोणखेड्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. आणि सायमनचं विसरवाडीच्या हायवेवर टायरचं दुकान आहे. चौघांनाही एकच वेड, काचेच्या टाकीत जिवंत कोरल वाढवायचं. फक्त मऊ जातीचे, कारण कडक प्रवाळ ठेवायला कायद्याने बंदी आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं होरपळतात, आणि या जिवांना पाणी लागतं गार, खारं आणि रोज एकसारखं. घरचे काय म्हणत असतील, ते तुम्हीच ठरवा.

पहिला कोरल आला तो सुरतेहून, धुळ्याकडे जाणाऱ्या बसमधून. थर्माकोलचा डबा होता. सायमन विसरवाडीला घ्यायला गेला, तर कंडक्टर डबा देईना.

"आत काय आहे?"

"कोरल. प्राणी आहे तो," सायमन म्हणाला. "पण झाडासारखा एकाच जागी राहतो. दिसायला दगडासारखा."

कंडक्टरने डबा कानाशी नेला, हलवला, पुन्हा सीटवर ठेवला.

"प्राणी, झाड की दगड, ते आधी नक्की कर भाऊ. मला त्याप्रमाणे पावती फाडायची आहे."

भटूभाऊंकडे छत्रीच्या आकाराचा, चामड्यासारखा एक कोरल होता. एकदा तो अचानक मिटला. अंगावर मेणासारखा थर चढला, रंग गेला. भटूभाऊंनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "गेला." दुसऱ्या दिवशीही त्यांनी दुकान उघडलं नाही, तेव्हा आम्ही तिघं भेटायला गेलो. ओट्यावर गप्प बसलो होतो. त्यांच्या आईने न विचारता काळा चहा आणला, आमच्याकडे दुखवट्याच्या घरी करतात तसा. तो बघून शेजारच्या दोन बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि आमच्याजवळ बसल्या. शेवटी एकीने हळूच विचारलं, "माय, कोन गयं?"

आई म्हणाली, "भटूना दगड मरी गया."

त्या बायका तरीही बसून राहिल्या. दुःख दुःखच असतं, असा त्यांचा हिशोब असावा.

पुढच्या आठवड्यात कोरलने तो थर टाकून दिला आणि फुलासारखा उमलला. तो मेलाच नव्हता, कात टाकत होता. भटूभाऊंनी आनंदाने गल्लीत पेढे वाटले. त्या दिवशी येऊन बसलेल्यांतली एक बाई पेढा हातात घेऊन टाकीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मंग आम्ही बसाले उनूत, ते फुकट गयं का?"

विनीता मॅडमचं सगळं शास्त्रशुद्ध. सकाळी पाणी तपासायचं, संध्याकाळी तपासायचं. कॅल्शियम जरा खाली दिसलं की घाल, जरा वर गेलं की पाणी बदल. कोरल मात्र दिवसेंदिवस आक्रसत चाललेले. मॅडम त्यांच्याकडे बघून आणखी दोन बाटल्या मागवायच्या.

मग त्यांना पेपर तपासायला बाहेरगावी जावं लागलं. टाकी मिस्टरांच्या हवाली. त्यांना सांगून ठेवलेलं एकच काम, आटलेलं पाणी भरायचं, तेही साधं आरओचं. मीठ मागेच राहतं, फक्त पाणी उडतं.

मॅडम परत आल्या तेव्हा सगळे कोरल टम्म फुगून उमललेले. त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"काय घातलंत तुम्ही यात?"

"काही नाही. मला त्यातलं काही कळत नाही ना."

दहावीतली मुलगी आतून पुस्तक घेऊन दारात आली. "आई," ती म्हणाली, "थोडे दिवस माझ्याही बाबतीत असंच करून बघतेस?"

मॅडम हा किस्सा स्वतःच सांगतात. मुलगी पास झाली, हे मात्र दर वेळी आधी सांगतात.

माझ्या दुकानात टाकी काउंटरच्या मागे, अक्षरांच्या पाटीशेजारी आहे. एका निवृत्त गुरुजींना मी काचा बदलून बदलून विचारत होते, "खालची ओळ दिसते?" ते पाटीकडे बघतच नव्हते.

"ओळ राहू दे," ते म्हणाले. "त्या फुलाला आठ पाकळ्या आहेत. मघाच्या काचेतून नुसता धूर होता."

मी वाकून मोजल्या. आठच होत्या. त्याच काचेचा नंबर लिहून दिला.

सायमनचे वडील नवापूरकडच्या डोंगरातले शेतकरी. आयुष्य भातात आणि मजुरीत गेलं. आता ते मुलाकडे राहतात. दर रविवारी चर्चहून आले की शर्ट बदलून टाकीचं पाणी बदलायच्या बादल्या वाहतात. कोणी सांगितलेलं नाही, ते आपणहून करतात. समुद्र त्यांनी कधी बघितला नव्हता, म्हणून एका सुट्टीला सायमन आम्हा सगळ्यांना गाडीत घालून सुरतच्या पुढे किनाऱ्यावर घेऊन गेला. तिकडचा समुद्र मातकट. बाबा पँट दुमडून पाण्यात उभे राहिले. खूप वेळ बघत होते. मग त्यांच्या डोंगरातल्या आदिवासी कोकणी बोलीत काहीतरी म्हणाले. सायमनने उत्तर दिलं, त्यावर ते पुन्हा काही बोलले आणि मान हलवत बाहेर आले.

आम्ही विचारलं, काय झालं?

सायमन म्हणाला, "बाबांनी विचारलं, याचं पाणी कोण बदलतं? मी म्हटलं, कोणीच नाही. तर म्हणाले, दिसतंच आहे."

शेवटचा किस्सा यंदाच्या मे महिन्यातला. भटूभाऊंच्या बायकोचं, रेखावहिनींचं, सुरतेला ऑपरेशन होतं. दोघं तिकडे, घरी एकटी आई. त्यातच गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. इन्व्हर्टर संपला, चिलर बंद, पंप बंद. आम्ही तिघं धावलो. बॅटरीवरचे पंप लावले, शेजाऱ्यांनी दुसऱ्या गल्लीतल्या फ्रिजमधून बर्फाच्या बाटल्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी वीज आली तोवर उशीर झाला होता. हिरव्या बटणांसारखा एक कोरल होता, दगडभर पसरलेला, वहिनींचा सगळ्यात लाडका. तो विरघळून गेला होता.

भटूभाऊंचा फोन रोज यायचा. "माय कशी शे? टँक कसा शे?"

"दोन्ही छान," मी सांगायचे. ऑपरेशन मोठं होतं, आणि त्यांचा आवाज ऐकून दुसरं काही सांगवत नव्हतं.

ती हिरवी बटणं आम्हा तिघांकडेही होती, भटूभाऊंनीच कापून दिलेली. तिघांनी आपापला तुकडा आणला आणि त्याच दगडावर, त्याच जागी चिकटवला. पाणी बदललं, काचा घासल्या. ते दोघं परत येईपर्यंत तुकडे उमललेसुद्धा.

वहिनी घरी आल्या, भिंतीला धरून टाकीसमोर गेल्या आणि खुर्चीत बसल्या. भटूभाऊ मागे उभे. दोघंही बघत राहिले. "मस्त शे," भटूभाऊ म्हणाले. "हां, मस्त शे," वहिनी म्हणाल्या.

थोड्या वेळाने मी त्यांना आतल्या खोलीत निजवायला नेलं. त्यांनी माझा हात धरला.

"ताई, त्याना मधमा एक तांबडं बटन व्हतं. ते नही शे. आपलं मरी गयं ना?"

मी त्यांच्या अंगावर चादर ओढली.

"ह्यासले सांगू नका," त्या म्हणाल्या. "दवाखानामा आधीच भलता जीव उडेल शे त्यासना."

निघताना भटूभाऊ आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले. मागे वळून दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, मन्हा हातनं लायेल कोरल मी वळखसू नही का? पन रेखाले सांगू नका. तिले वाटी ऱ्हायनं, तो जित्ता शे."

आम्ही दोघांनाही 'बरं' म्हटलं आहे.