बासरीची जागा

औरंगपुऱ्यात माझा मिक्सर दुरुस्त करणारा माणूस सिनेमातली गाणी ऐकत नाही. प्रसंगामागे वाजणारं संगीत तेवढं तो मोबाइलवर लावतो. "नुसते ढोल बडवून भीती वाटत नाय ताई, डोकं दुखतं. दोन व्हायोलिन लई झाले," असं त्याचं मत. मला ढोल आवडतात, त्यामुळे आमचं भांडण ठरलेलं.

परवा तो चिडला होता. त्याच्या लाडक्या जुन्या सिनेमाचं संगीत साफसूफ करून नव्यानं आलं होतं. "साफ करता करता बासरीच पुसली बगा त्यांनी! ऐका तुम्हीच."

मी ऐकलं. व्हायोलिनच्या वर बारीक बासरी स्वच्छ वाजत होती.

"आहे की बासरी. कान तपासून घ्या," मी सरळ सांगितलं. इतकी वर्षं मिक्सरच्या घरघरीत बसल्यावर दुसरं काय होणार?

मग त्यानं तेच संगीत पहिल्यापासून लावलं. "बासरी आली की बोट वर करा," म्हणाला आणि माझ्या हाताकडे बघत बसला.

बासरी आली. माझं बोट उठायच्या आत त्याची मान डोलली; ऐकू येत नसली तरी तिची जागा त्याला पाठ होती.

"उशीर केला ताई तुम्ही," तो म्हणाला.