ऱ्होड्सचा खेळ आणि चुकलेला संकल्प

वाचकांच्या गूढ अनुभवांची अशी सदरे मी बरीच वर्षे वाचतो आहे, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसून पान उलटतो. माणूस देवभक्त आहे म्हटले की तो भुते, दृष्टांत, अंगात येणे यांवरही विश्वास ठेवत असणार, असा लोकांचा समज असतो. माझे नेमके उलटे आहे. संध्या, पूजा, पारायण यांत आयुष्य गेले, म्हणूनच ईश्वराच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या चमत्कारांचा मला तिटकारा आहे. देवाला करामती करून दाखवण्याची गरज पडत नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. तरीही ही हकीकत लिहितो आहे... कारण ती माझ्याच तोंडून घडली, आणि तिला साक्षीदार आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातील तेरचा. पाठशाळेत संस्कृत शिकलो, पुढे शाळेत तेच शिकवून निवृत्त झालो. घरात मुलगा, सून वैशाली आणि नात चिन्मयी. मुलगा नोकरीसाठी रोज धाराशिवला जाऊन-येऊन असतो. चिन्मयी मात्र मर्चंट नेव्हीत आहे — मालवाहू जहाजावर अधिकारी. तेरणेच्या पात्रातले गुडघाभर पाणी पाहून वाढलेली मुलगी समुद्रावर गेली, याचे गावाला अजून नवल वाटते. आमच्या समोर किराणा दुकान चालवणारे मलकप्पा अण्णा तर मला अधूनमधून छेडतातच.

"गुरुजी, तुमी नातीला समुद्र ओलांडू दिला. शास्त्रात न्हाय बसत म्हणत्यात."

"शास्त्र मी तुमच्यापेक्षा थोडे अधिक वाचले आहे, अण्णा."

"म्हणून तर तुमाला इचारलं! मला इचारून काय उपेग?"

मागच्या वर्षी सुट्टीवर आली असताना चिन्मयीने घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. प्राचीन काळातील राज्यांचा खेळ. आपण एक राज्य निवडायचे, शेती-व्यापार-सैन्य सांभाळायचे आणि एकेक चाल करीत ते टिकवायचे. तीही जहाजावर फावल्या वेळात हाच खेळ खेळते. आजोबांशी फोनवर बोलायला काही विषय हवा, एवढाच तिचा हेतू होता. यवनांची — म्हणजे ग्रीकांची — पुष्कळ राज्ये त्यात होती. प्रत्येकापुढे ते सोपे की अवघड हे लिहिलेले. ऱ्होड्स नावाच्या बेटापुढे 'अत्यंत अवघड' असे होते.

"मग हेच घेऊ," मी म्हणालो.

"आबा, अहो, एकच बेट आहे! जमीन नाही, सैन्य नाही, चहूबाजूंनी मोठेमोठे राजे. पहिल्या दहा चालींत लोक हरतात."

"व्याकरणाच्या पहिल्या दहा सूत्रांतही पुष्कळ लोक हरतात. म्हणून मी धातू-प्रत्यय सोडून गोष्टींचे पुस्तक घेतले नाही."

तिने हात जोडले. ती जहाजावर परत गेली, आणि सकाळची पूजा व चहा झाला की मी ऱ्होड्सचा कारभार पाहू लागलो.

कारभार अर्थातच आमच्या घराच्या रीतीने चालला. पराभूत झालेल्या शेजारच्या बेटांवरून माणसांनी भरलेल्या नावा बंदरात येत. खेळ विचारी — आश्रय द्यायचा की परत पाठवायचे? शरण आलेल्याला परतवून लावणे मला जमले नाही. मी प्रत्येक वेळी आश्रय देत गेलो आणि कोठारे रिकामी होत गेली. एकदा मलकप्पा अण्णा माझ्या पाठीमागे उभे राहून हे पाहत होते.

"गुरुजी, आसं दुकान चालवलं तर दोन दिसांत दिवाळं निगंल."

"हे दुकान नाही, राज्य आहे."

"मग तर लई लवकर निगंल."

याहून मोठी चूक मी आषाढात केली. देवशयनी एकादशी झाली आणि मी बेटाची सारी व्यापारी गलबते बंदरात आणून बांधली. चार-पाच दिवसांनी चिन्मयीचा फोन आला. मी आकडे वाचून दाखवल्यावर ती चक्रावली.

"आबा, व्यापार शून्यावर कसा आला?"

"चातुर्मास लागला ना. गलबते कार्तिकीनंतर सोडीन."

ती इतकी हसली की तिच्याजवळ कोणी तरी हिंदीत काय झाले म्हणून विचारताना ऐकू आले. "अहो, तिकडे आपला पावसाळा नाही! उन्हाळ्यात समुद्र खुला, हिवाळ्यात बंद! तुम्ही नेमका उलटा कारभार केलात!" हसणे आवरल्यावर ती म्हणाली, "पण उन्हाळ्यातही उत्तरेकडून वारा सुटतो बरं का. आम्ही आता त्याच समुद्रात जाणार आहोत. वारा वाढला की मोठी जहाजंसुद्धा एखाद्या बेटाच्या आडोशाला जातात."

श्रावणात तिचे जहाज त्या समुद्रात होते. वैशालीच्या मोबाइलवर एक ॲप आहे. जगातले कोणते जहाज कुठे आहे ते त्यात बाणासारख्या खुणेने दिसते. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, मोबाइल तिच्या शेजारी असे. एका दुपारी तिने येऊन तो माझ्यापुढे धरला. "मामा, हे हलंना गेलंय. मघापासून एकाच जागी आहे."

"नेटवर्क नसेल," मी म्हणालो. दोघांनाही ते पटले नाही.

तेवढ्यात मुलाचा धाराशिवहून फोन आला. त्याने कंपनीत चौकशी केली होती. जहाजाचे इंजिन बंद पडले आहे, वारा फार आहे, आणि इंजिन बंद पडल्याचे कळवल्यानंतर जहाजाशी संपर्क झालेला नाही, एवढेच त्याला सांगण्यात आले. "मी निघतो आहे," म्हणून त्याने फोन ठेवला.

वैशाली रडली नाही. पदराने हात पुसून म्हणाली, "मामा, तो खेळ लावा."

"आत्ता?"

"लावा. तो चालू असला की ती घरात असल्यासारखं वाटतंय."

मी खेळ लावला. त्या दिवशी ऱ्होड्सला वेढा पडलेला होता आणि माझे शेवटचे गलबत बेटाबाहेर एकटे राहिले होते. चिन्मयीचे शब्द आठवून मी ते गलबत एका बेटाच्या दक्षिणेला, किनाऱ्याच्या एका खोबणीत नेऊन उभे केले आणि पुढची चाल केलीच नाही. वैशाली त्या गलबताकडे पाहत बसून राहिली.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सकाळी स्नान करून पूजेला बसलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो — पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन संकल्प करतात. मी कोण, कोणत्या देशात, कोणत्या काळी, कशासाठी हे कर्म करतो आहे, हे त्यात उच्चारायचे असते. गोदावरी आमच्या उत्तरेला. म्हणून आम्ही 'दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे' असे म्हणतो. मुंज झाल्यापासून मी हे शब्द रोज म्हणत आलो आहे. तापात म्हटले आहेत, पत्नी गेली त्या वर्षी म्हटले आहेत. ते चुकण्यासारखे राहिलेलेच नाहीत.

डोळे मिटून मी संकल्प म्हटला, पाणी सोडले. फुलांची परडी घेऊन बसलेली वैशाली हळूच म्हणाली, "मामा... गोदावरी न्हाय म्हणालात तुम्ही."

"काय म्हणालो मग?"

"लिमेनार्याः. लिमेनार्याः दक्षिणे तीरे. ही कुठली नदी?"

तिने सांगितले तेव्हा तो शब्द माझ्या जिभेवर अजून होता. होय — मी तसेच म्हटले होते. 'गोदावरी' हा शब्द जसा चालवावा तसाच 'लिमेनारी' हा शब्द चालवून, मुळीच न अडखळता. मला फार अपराधी वाटले. नात संकटात, आणि आपण देवासमोर खेळातले कुठले तरी यवनी नाव घेऊन बसलो! "त्या खेळातले असेल," मी म्हणालो. "काल ते गलबत उभे केले ना, तिथले काही तरी." आचमन करून पुन्हा संकल्प केला. या वेळी गोदावरीच आली.

थोड्या वेळाने मलकप्पा अण्णा विचारपूस करायला आले. त्यांनाही वैशालीने हे सांगितले, का कोण जाणे. एरवी त्यांनी थट्टेची अशी संधी सोडली नसती. पण त्या दिवशी एवढेच म्हणाले, "जीभ घसरणारच की, ताई. लेकरू तिकडं आहे." आणि दुकान बंद करून आमच्या ओट्यावर बसून राहिले.

दुपार कलल्यावर परदेशातल्या नंबरावरून फोन आला. वैशालीने स्पीकर लावला.

"आई, मी बरी आहे. सगळे बरे आहेत. आधी हे ऐक, मग रड."

वैशालीने तिचा हुकूम मोडला. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. मीही डोळे पुसल्याचे नाकारणार नाही. ओट्यावरून अण्णांनी मोठ्याने महादेवाचे नाव घेतले.

चिन्मयी सांगत होती — इंजिन गेले, मग वीजही गेली. रात्रभर वारा जहाजाला खडकांकडे लोटीत होता. उजाडल्यावर इंजिन जेमतेम सुरू झाले, तेवढ्यात त्यांनी एका लहानशा बेटाचा आडोसा गाठला आणि नांगर टाकला. इंजिन लगेच पुन्हा बंद पडले, पण नांगर धरून राहिला. आता मदतीची बोट आली होती, आणि त्या बोटीवरच्या माणसाच्या फोनवरून ती बोलत होती.

"कुठं आहेस पण?" मुलाने विचारले.

"बाबा, नाव सांगून तुम्हाला काय कळणार! एवढीशी खाडी आहे. लिमेनारी म्हणतात. तिच्या दक्षिणेच्या किनाऱ्याला आहोत आम्ही."

वैशालीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून तिला गप्प राहण्यास सांगितले. मुलीला रात्रभराचा शीण होता, तिला काही विचारण्याची ती वेळ नव्हती. शिवाय माझ्यापुरता उलगडा झालेला होता. खेळाच्या नकाशात ते नाव असणार, माझे गलबत योगायोगाने तिथेच उभे राहिले असणार. योगायोग मोठा, पण योगायोगच.

महिन्याभराने ती घरी आली. गाव भेटून गेले, पुरणपोळी झाली. मग एका सकाळी मी तिला सारे सांगितले आणि म्हणालो, "त्या नकाशात ते नाव मला दाखव. नजर कमी झाली आहे, मला सापडत नाही."

तिने खेळ उघडला. नकाशा मोठा केला, फिरवला, पुन्हा मोठा केला. तिची बोटे हळू होत गेली.

"आबा, या खेळात फक्त मोठ्या शहरांची नावं आहेत. खाड्यांना नावं नसतात. आणि..." तिने एका जागी बोट ठेवले. तिथे नुसते निळे पाणी होते. "ते बेटच नाही यात. इतकी लहान बेटं त्यांनी काढलेलीच नाहीत. तुमचं गलबत उभं आहे ते हे दुसरंच बेट, पार तिकडे."

"मग तू कधी फोनवर बोलली असशील."

"मीच ते नाव पहिल्यांदा त्या सकाळी ऐकलं. कॅप्टननी चार्टवर बोट ठेवून म्हटलं, इथे जाऊ." मग तिने विचारले, "तुम्ही पूजेला किती वाजता बसता?"

मी सांगितले. आपली सकाळ म्हणजे तिकडची पहाट. तिने मनाशी हिशेब केला आणि आईकडे पाहिले.

"तेव्हा आम्ही अजून अंधारात वाहत होतो. कुठे जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं."

मग वैशाली म्हणाली, "घ्या तो चहा, थंड होतोय," आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. दुपारी चिन्मयीने वेढा फोडायला म्हणून माझे ते एकटे गलबत बाहेर काढले आणि तीन चालींत ऱ्होड्स शत्रूच्या हाती गेले. माझ्या अनेक आठवड्यांच्या राज्याचा असा निकाल लागला, तरी तिला तिथे बसून जीभ चावताना पाहून मला जे समाधान झाले ते राज्य जिंकूनही झाले नसते.

मी पुष्कळ विचार केला आहे. संकल्पात कर्ता जिथे बसला आहे तो देश उच्चारायचा असतो, आणि त्या सकाळी मी तेरमध्ये माझ्या देवघरात बसलो होतो याबद्दल शंका नाही. मन तिच्याजवळ होते असे म्हणावे, तर मनाला ते नाव कुठून ठाऊक? एका जुन्या सहाध्यायांना विचारले. ते म्हणाले, ईश्वराची कृपा. कृपा मी मानतोच, पण कृपा आणि स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला भरभरून मिळाली. दुसरे आजही नाही, आणि मिळेल असे वाटत नाही.

चिन्मयी पुन्हा जहाजावर गेली आहे. आता रोज सकाळी संकल्पाची वेळ झाली की वैशाली हातातले काम टाकून देवघराच्या दारात येऊन उभी राहते. मी 'गोदावर्याः' म्हणतो. तिचा रोखलेला श्वास सुटलेला मला ऐकू येतो. "ठीक आहे," एवढे म्हणून ती परत स्वयंपाकघरात जाते. त्यात काय ठीक आहे, हे मी तिला कधी विचारलेले नाही... तो शब्द तोंडातून नीट बाहेर पडला की मलाही बरे वाटते.